तीन काठ्यांचं पान

१२ फेब्रुवारी

ताई,

तीन वर्षं हे पत्र उद्यावर ढकलतोय. आधी म्हटलं, कुठेतरी बस्तान बसू दे, मग लिहू. मग म्हटलं, सांगण्यासारखं काही घडू दे. घडलं तेव्हा लक्षात आलं की हे सांगायचं तर आधीचंही सांगावं लागणार, म्हणून परत गप्प. गेल्या महिन्यात पाकीट आणलं. त्यावर चहाचा कप ठेवला. गोल डागाचं पाकीट तुला कसं पाठवायचं, म्हणून दुसरं आणायला निघालो, तर वाटेत एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. तासभर तेच बघत उभा राहिलो आणि दुकान बंद झालं. थोडक्यात, तुझी भिंगरी आहे तशीच आहे.

फोन करायचा होतास, म्हणशील. केला. तुझा जुना नंबर लागत नाही. घरचा फोन दोनदा बाबांनी उचलला. ‘हॅलो’ म्हणाले, खोकले, परत ‘हॅलो’ म्हणाले, आणि मी ठेवून दिला.

आता हसू नकोस. मी टॅरो बघतो. तेव्हा घरी तुझ्या पलंगावर फतकल मारून बघायचो तसं नव्हे, पोटासाठी. एका लाँड्रीत. मागच्या अंगाला, जिथे इस्त्री केलेले कोट टांगतात, तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि पडद्याच्या जागी कोणीतरी टाकून परत न्यायला न आलेली चादर. लोक हातात नंबराचा बिल्ला धरून बसतात आणि कपडे होईपर्यंत आत डोकावतात. लाँड्रीवाले काका सगळ्यांना सांगतात, ‘‘डाग आमच्याकडे, नशीब त्याच्याकडे. दोन्ही गेलंच तर गेलं, हमी नाही.’’ वाफेने पत्ते बाकदार होतात, म्हणून दुपारी त्यांच्यावर बिघडलेली इस्त्री ठेवतो.

पत्ते तेच, रद्दीवाल्याकडून आणलेले. अठ्ठ्याहत्तर पानं, खोकं नाही, कसं बघायचं ते सांगणारी पुस्तिका नाही. तू चष्म्याच्या काचा पुसायचं पिवळं फडकं दिलं होतंस ना गुंडाळायला, ते अजून आहे.

एक गोष्ट इथे कळली. लोक भविष्य विचारत नाहीत ताई, परवानगी मागतात. मनात ठरवूनच आलेले असतात. नोकरी सोडायची, त्याला फोन करायचा, आईकडे जायचंच नाही. फक्त आपल्याबरोबर दुसऱ्या कोणाचीतरी मान हललेली त्यांना हवी असते. मी पानाकडे बघतो आणि मान हलवतो. यात फसवणूक आहे का, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

एकदा एका साप्ताहिकाचे संपादक कोट न्यायला आले आणि म्हणाले, ‘‘बोलतोस तसंच लिहून दे. दर आठवड्याला एक पान, चारशे शब्द.’’ शुद्धलेखन ते बघतात. बारावीत माझं काय झालं होतं ते त्यांना सांगितलेलं नाही. पहिला लेख ‘मूर्ख’ या पानावर लिहिला: कड्याच्या टोकावर गाठोडं घेतलेला पोरगा, नजर आभाळात. ते काय, समोर आरसा ठेवून लिहिल्यासारखं होतं. असे पन्नासेक लेख झाले. पण काठ्यांच्या पानांत मी एक काठी, दोन काठ्या आणि एकदम चार काठ्या केल्या. संपादक म्हणाले, ‘‘मधली तीन कुठे सांडली? एका वाचकाने पोस्टकार्ड टाकून विचारलंय. मार्चअखेर पाहिजे मला.’’

त्या पानावर लिहायला बसलो की तुझं पत्र सुरू होतं. म्हणून म्हटलं, आधी हेच लिहावं.

पान तुला आठवत असेलच. उंचावर पाठमोरा उभा असलेला माणूस, त्याच्याभोवती जमिनीत रोवलेल्या तीन काठ्या, खाली पिवळं पाणी आणि लांब जाणाऱ्या बोटी. तोंड दिसत नाही त्याचं.

बाबांचे गुडघे कसे आहेत? जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या आणि स्वतः राहिले बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर. तू अजून चष्म्याच्या दुकानातच आहेस का? वहीत डोळे काढतेस का अजून? रविवारी मला खिडकीत बसवायचीस, हनुवटी धरायचीस आणि म्हणायचीस, ‘‘डोळा हलवू नको रे, सगळं बुबुळ वाया जाईल.’’ माझ्या डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला चहाच्या पत्तीएवढा ठिपका आहे, हे मला तुझ्या वहीमुळे कळलं.

पाकिटामागे पत्ता लिहिलाय.

भिंगरी


२० फेब्रुवारी

ताई,

उत्तर यायला अजून वेळ आहे, कळतं मला. पण हे सांगितल्याशिवाय राहवेना.

इथे एक बाई येतात, बुकबाइंडर आहेत. बोटं कायम खळीने चिकट, नखांत सोनेरी वर्ख. लग्नाच्या पोरीला बघावं तसं प्रत्येक पुस्तकाला पुढून मागून निरखतात. परवा त्या टेबलाशी बसल्या, मी पानं मांडली आणि एकेक उलटायला लागलो. तीन उलटली तशी बाईंनी माझं मनगट धरलं.

‘‘तुम्ही पान असं का उलटता?’’

‘‘कसं?’’

‘‘खालून वर. भिंतीवरचं कॅलेंडर उलटावं तसं. पुस्तकाचं पान आपण असं उलटतो का? बाजूने उलटतो.’’

‘‘त्याने काय फरक पडतो?’’

‘‘अहो, काय फरक पडतो म्हणून काय विचारता? बाजूने उलटलं तर डोकं डोक्याच्या जागी राहतं. तुमच्यासारखं उलटलं तर सरळ ठेवलेला माणूस शीर्षासन करतो. चाळीस वर्षं पानं लावतेय मी. कॅलेंडरसारखं उलटून पुस्तक बांधलं असतं तर लोकांनी मला उलटं टांगलं असतं.’’

मी घरी, म्हणजे माझ्या खोलीवर, येऊन सगळी पानं पलंगावर पालथी घातली आणि एकेक दोन्ही तऱ्हेने उलटून पाहिलं. बाईंचं बरोबर होतं. आता तुला कळावं म्हणून सांगतो, टॅरोत पान सरळ आलं तर एक अर्थ आणि उलटं आलं तर दुसरा, पुष्कळदा पहिल्याच्या अगदी विरुद्ध. म्हणजे सुरुवातीपासून मी लोकांची सरळ पानं उलटी करत आलो आणि उलटी सरळ. ज्याला थांब सांगायचं त्याला जा म्हटलं. ज्याला जा म्हणायचं...

ताई, म्हणून हे पत्र. तुला डोळे बनवणाऱ्या कार्यशाळेतून पत्र आलं होतं. शिकायला या, एक तारखेपासून, दहा दिवसांत कळवा. अपघातात, आजारात डोळा गेलेल्या माणसांसाठी हुबेहूब दुसरा डोळा रंगवायचा. लाल रेशमाचे तंतू घालून शिरासुद्धा करतात म्हणे, असं तू जेवताना दहा वेळा सांगितलं होतंस. आणि मग म्हणालीस, ‘‘काढ रे तुझे पत्ते. बघू काय म्हणतात. गंमत म्हणून.’’

तीन काठ्यांचं पान आलं. मी म्हणालो, उलटं आहे. बोटी खाली डोकं वर पाय झाल्यात. आत्ता नको ताई, वर्षभर थांब.

तू थांबलीस. पत्र काचांच्या खोक्याखाली गेलं. दोन वर्षांनी गाठोडं घेऊन घरातून निघालो तो मीच.

तर सांगायचं ते हे, की पान उलटं नव्हतं! माझ्या हाताची खोड होती. पुस्तिका मिळाली असती तर ही चूक झालीच नसती. आपण दोघं एका रद्दीवाल्याच्या निष्काळजीपणामुळे अडकलो, असं समज. हे वाचून तुला थोडं हलकं वाटेल असं वाटलं. मला तर वाटलं.

भिंगरी


६ मार्च

ताई,

पोस्टमन साडेअकराला येतो. आधी समोरच्या औषधवाल्याकडे, मग जिन्याखालच्या किल्लीवाल्याकडे, मग आमच्याकडे. औषधवाल्याकडे तो पाणी पितो, तेवढा वेळ मला फार लांब वाटतो. काकांना वीजबिल आलं. वाचकांची तीन पोस्टकार्डं आली. तुझं काही नाही.

चुकीबद्दल मी लेख लिहिला. ‘माझा हात उलटा होता’ असंच नाव दिलं. वाटलं, आता लोक टेबल मोडतील. एक गृहस्थ आले खरे तणतणत, की सगळं परत बघून द्या. पण एक बाई हसत हसत आल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही नको सांगितलेलं घर आम्ही केव्हाच घेतलं. छान हवेशीर आहे. या एकदा.’’ म्हणजे माझं कोणी ऐकलेलंच नव्हतं. लोक उठून गेले आणि त्यांना हवं तेच केलं.

मग माझं ऐकलं कोणी? एकटीने.

मी आता रस्त्याने जाताना लोकांचे डोळे बघतो, तुझ्या भाषेत. औषधवाल्याचे उन्हात मधासारखे, आत गेला की शेवाळी. किल्लीवाल्याच्या बुबुळाची कड पाण्यात भिजलेल्या शाईसारखी फुटलेली. संपादकांच्या डोळ्यांत काही बघण्यासारखं नाही, चष्म्याची काडी मात्र सैल आहे. तू असतीस तर हातातल्या हातात पिळून दिली असतीस. काल तुझ्यासारखीच पिशवी काखेत दाबून चालणारी एक बाई दिसली. दोन चौक तिच्या मागे गेलो. ती वळली तेव्हा पन्नाशीची निघाली आणि रागाने माझ्याकडे बघायला लागली. मी उगाच पत्ता विचारला, तिने चुकीचा सांगितला, आणि तिच्या देखत तिकडे जावंही लागलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी एक पान स्वतःसाठी काढतो. टॅरो बघणाऱ्याने स्वतःचं बघू नये म्हणतात, निदान तोच प्रश्न रोज विचारू नये. मी रोज तोच विचारतो. बाजूने उलटतो आता, अगदी पुस्तकासारखं. कधी येईल म्हणतं, कधी नाही म्हणतं. पानाला काय, रोज नवा दिवस असतो.

बाइंडर बाई परत आल्या होत्या. लेख वाचला होता त्यांनी. मी भरात येऊन त्यांना तुझं सगळं सांगितलं: कार्यशाळा, बोटी, रद्दीवाला. त्या बिल्ला बोटांत फिरवत ऐकत होत्या. शेवटी एवढंच विचारलं, ‘‘त्या दिवशी पान उलटलं कोणी? तुम्ही की बहिणीने?’’

मी म्हणालो, तुमचा कोट झाला वाटतं.

‘‘माझा कोट नाही, ब्लाउज आहेत. आणि ते अजून ओले आहेत,’’ बाई म्हणाल्या.

भिंगरी


१७ मार्च

ताई,

हे पत्र जाड होणार. चार वेळा फाडलं.

पान तू उलटलंस. मी नाही.

मी पिसून तीन पानं पालथी मांडली होती. मधल्यावर बोट ठेवून तू म्हणालीस, ‘‘हे मी बघते.’’ आणि काचांच्या ट्रेमधून भिंग उचलावं तसं, कडेला दोन बोटांनी धरून, बाजूने उलटलंस. अगदी बाइंडर बाईंना आवडलं असतं तसं. पान सरळ आलं. तुझ्याकडे सरळ. माणूस नीट उभा, बोटी पाण्यावर. तुझं तोंड मी बघितलं ताई. खिडकीतल्या उजेडात बसून माझा डोळा रंगवताना शेवटचा ठिपका बरोबर जागी पडला की व्हायचं, तसं झालं होतं.

मी समोर बसलो होतो, म्हणून मला ते उलटं दिसत होतं. त्याआधी मी तुझी, माझ्या मित्रांची, वरच्या मजल्यावरच्या मावशींची, सगळ्यांची पानं नेहमी विचारणाऱ्याच्या बाजूनेच वाचली होती. पण त्या दिवशी मी म्हणालो, ‘‘तुझ्या बाजूने नाही बघायचं. पान वाचणाऱ्याच्या बाजूने बघतात. उलटं आहे.’’

हा नियम मी तिथे बसल्या बसल्या केला. पाच सेकंदांत. आयुष्यात एवढ्या झटकन मला दुसरं काही सुचलेलं नाही.

मी अठरा वर्षांचा होतो. बारावीचा निकाल कपाटात कागदाखाली लपवला होता. आई नव्हती. बाबा कामावरून आले की ग्रीसचे हात धुवायचे, आमच्याशी चार शब्द बोलायचे, त्यातले दोन ‘चिरंजीव कुठे उंडारतायत’ असे. घरात मला माणसात धरणारी तू एकटी. तू गेलीस तर संध्याकाळी दार उघडल्यावर आत काय असेल, तेवढंच मला दिसलं. तुझ्या बोटी मला दिसल्याच नाहीत.

आणि तू लगेच ऐकलंस. वाद नाही, काही नाही. ‘‘बरं,’’ म्हणालीस, पान गठ्ठ्यात ठेवलंस आणि उठून चहा टाकलास. एक शब्द बोलली असतीस तर मी खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. खोटं आहे. नसतं सांगितलं.

मग दोन वर्षं रोज सकाळी तुला त्या दुकानात जाताना बघितलं. काच घासायच्या चाकाचा आवाज तुझ्या कानात राहायचा, म्हणून घरी मोठ्याने बोलायचीस. मला ते मोठ्याने बोलणं सहन होईना. लोकांना वाटतं मी भटकायच्या हौसेने निघालो. मी त्या आवाजापासून पळालो. हॉटेलात भांडी घासली, नाटकवाल्यांचे पडदे ओढले, होड्यांना डांबर लावलं. कुठेही टिकलो नाही. कुठेही सात-आठ महिने झाले की कोणीतरी मला जीव लावायला लागायचं, आणि मग मला गाठोडं दिसायचं. या लाँड्रीत वर्षावर झालं. इथून जायचं नाहीये मला. म्हणूनच हे लिहितोय बहुतेक.

रद्दीवाल्याचा दोष नव्हता. हाताची खोड खरी आहे, पण त्या दिवशी हात माझा नव्हताच.

तू मला माफ कर असं नाही म्हणत. तू परवानगी मागायला आली होतीस आणि मी मान हलवली नाही. आता हलवतो. पाच वर्षं उशिरा. उपयोग असेल तर घे. तिथे जायला वयाची अट आहे का, मला माहीत नाही. असली तर काय करायचं, तेही माहीत नाही.

भिंगरी


२९ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. तरी लिहितोय, कारण आज सकाळी तीन काठ्यांचा लेख दिला. चारशे शब्दांत एवढंच लिहिलं, की या पानातला माणूस पाठमोरा असतो, कारण त्याचं तोंड फक्त बोटींना दिसायचं असतं. मागे उभ्या असलेल्याने त्याच्या खांद्याला हात लावू नये. संपादक म्हणाले, शेवट जरा आशादायक कर. मी म्हटलं, तुम्हीच करा, चष्म्याची काडीही घट्ट करा.

दुकानात आज गर्दी नाही. इस्त्रीखालून पत्ते काढलेत. किल्लीवाल्याने नवा पोपट आणलाय, तो ‘या बसा’ एवढंच म्हणतो आणि कोणी बसलं की

काका हाक मारतायत. गिऱ्हाईक आलंय म्हणे, बिल्ला नाही त्यांच्याकडे आणि कपडे पण नाहीत टाकलेले.

ताई, बाबा आलेत.

चादर बाजूला केली आणि उभे. तोच करडा कामाचा शर्ट, इस्त्री केलेला. मी उठलोच नाही. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील?

‘‘जिना नाही, हे बरं केलंस चिरंजीव.’’

मग समोरच्या खुर्चीत बसले, लोक पानं बघायला बसतात त्या. खिशातून रबर लावलेली चार पाकिटं काढली. तीन न फोडलेली, चौथं फोडलेलं. ‘‘ही तीन तिची आहेत. चौथं मी फोडलं. जाड होतं, म्हटलं पोरगं आजारीबिजारी आहे की काय.’’

‘‘ताई कुठे आहे?’’

‘‘गेली की. आठ महिने झाले. डोळे रंगवते. मीच पोचवून आलो.’’

‘‘मग ही पत्रं तिला पुढे का नाही पाठवलीत?’’

बाबांनी गुडघा चोळला. ‘‘रोज उद्या पाठवू म्हणायचो. आत काय आहे कोण जाणे. नुकतं कुठे बस्तान बसतंय तिचं.’’

मी चारही पाकिटं माझ्याकडे ओढली. तेच पुढे म्हणाले, ‘‘एक सांगायला आलोय. पोस्टाने सांगण्यासारखं नाही. त्या पानाचं तिने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाली, पान सरळ होतं बाबा, त्याने नियम बदलला. मी म्हटलं, मग जा की, त्याचं काय ऐकतेस. म्हणाली, घाबरलाय तो. त्याचं बारावीचं एकदा होऊ दे.’’

म्हणजे तुला माहीत होतं. चहा टाकलास तेव्हा माहीत होतं. मी रोज तुला फसवत होतो आणि तू रोज मला फसू देत होतीस. मी निघालो त्या सकाळी पत्ते त्या फडक्यात तूच बांधून दिलेस, तेव्हासुद्धा.

बाबांनी दुसऱ्या खिशातून अगदी तसंच पिवळं फडकं काढलं. टेबलावर, पानांच्या मधोमध उलगडलं. आत एक डोळा होता.

‘‘तिकडे परीक्षेला एक डोळा आठवणीतून करायला सांगतात म्हणे. समोर माणूस न बसवता. पास झाली आणि मला पाठवला, ठेवा म्हणाली. मला वाटलं तुमच्या आईचा असेल. चष्मा लावून बघितला, तर नाही.’’

मी तो उजेडात धरला. तपकिरी. कडेला लाल रेशमाच्या शिरा, श्वासाएवढ्या. आणि खालच्या बाजूला चहाच्या पत्तीएवढा ठिपका.

बाबा म्हणतायत, लिहीत काय बसलास, आटप, दोन तिकिटं काढलीत, माझं परतीचं आणि तुझं तिच्या गावचं. काका म्हणतायत, चादर घेऊन जा, कोणी विचारणार नाही. तू मला बघून दार लावशील की नाही, ते बाबांनाही सांगता येत नाही. विचारलं मी. ‘‘तुझे पत्ते काय म्हणतात?’’ म्हणाले, आणि हसले, ताई, बाबा हसले.

मी पान काढलं नाही. पाचही पत्रं मी स्वतःच घेऊन येतोय. डोळा समोर आहे. हलत नाहीये तो, अजिबात.